धरण उतरवताना : एल्व्हा नदी आणि सॅल्मनची परतीची वाट

नदी म्हणजे डोंगरावरून समुद्राकडे जाणारे पाणी, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी नदीतील ये-जा दोन्ही दिशांनी चालते, हे नद्यांच्या अभ्यासातून गेल्या काही दशकांत अधिकाधिक स्पष्ट झाले आहे. वरून खाली पाण्याबरोबर वाळू, खडी, गोटे, माती आणि उन्मळून पडलेली झाडे येतात. खालून वर येतात ते मासे, आणि त्यांच्या शरीरात साठलेले समुद्राचे पोषण. धरण बांधले की किती पाणी अडले, किती वीज निर्माण झाली आणि किती जमीन भिजली याचा हिशेब काटेकोरपणे मांडला जातो; मात्र जलाशयाच्या तळाशी अडकून पडलेल्या खडीचा आणि भिंतीवर डोके आपटून मागे फिरलेल्या माशांचा हिशेब बहुधा कोणी ठेवत नाही. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीवर, हा राहून गेलेला हिशेब सुमारे शंभर वर्षांनी मांडला गेला आणि त्याअंती २०११ ते २०१४ या काळात तिच्यावरील दोन्ही धरणे पाडण्यात आली. धरण पाडल्यावर नदी खरोखर पूर्ववत होते का, होत असल्यास कशी आणि किती काळात, या प्रश्नांची सर्वांत बारकाईने तपासलेली उत्तरे याच नदीवर मिळतात.

समुद्र आणि डोंगर यांना जोडणारा मासा

एल्व्हाची कथा समजून घेण्यासाठी सॅल्मनचे जीवनचक्र आधी समजून घ्यावे लागते. मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणण्याची पद्धत असली, तरी रावस आणि खरा सॅल्मन यांचे कूळ पूर्णपणे वेगळे आहे. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील सॅल्मन गोड्या पाण्याच्या नदीत जन्मतो, जातीनुसार काही आठवडे ते एक-दोन वर्षे तेथे वाढतो, आणि बोटुकलीच्या अवस्थेत, खाऱ्या पाण्यात जगता यावे म्हणून शरीरात घडणारे बदल पूर्ण करत, समुद्रात उतरतो. तेथे काही वर्षे भरपूर खाऊन तो मोठा होतो. त्याच्या वजनाचा जवळजवळ सर्व भाग समुद्रातच तयार झालेला असतो. त्यानंतर तो ज्या नदीत जन्मला त्याच नदीत अंडी घालण्यासाठी परततो. ही वाट त्याला शेवटच्या टप्प्यात वासावरून सापडते, म्हणजे जन्मनदीच्या पाण्याचा विशिष्ट गंध त्याच्या स्मृतीत लहानपणीच ठसलेला असतो, ही कल्पना विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅस्लर यांनी १९५० च्या दशकात मांडली आणि पुढे प्रयोगांनी तिला बळकटी मिळाली.

नदीत शिरल्यावर सॅल्मन खाणे थांबवतो आणि अंगात साठवलेल्या चरबीवर प्रवाहाविरुद्ध वर चढत जातो. योग्य जागा सापडली की मादी कुशीवर वळून शेपटीच्या जोरदार फटकाऱ्यांनी तळाची खडी उडवते आणि उथळ खळगा तयार करते; तिने घातलेली अंडी नराने फलित केली की ती थोडी वर सरकते आणि नवी खडी उडवून खालचा खळगा झाकून टाकते. हे घरटे यशस्वी व्हायचे असेल, तर खडीचा आकार मादीला हलवता येईल इतका लहान, तरीही फटींतून थंड, प्राणवायूयुक्त पाणी खेळते राहील इतका मोठा असावा लागतो. गाळ फार झाला तर अंडी गुदमरतात आणि केवळ मोठे धोंडे उरले तर घरटेच खणता येत नाही. सॅल्मनचे भवितव्य असे मुठीत मावणाऱ्या दगडांवर अवलंबून असते.

प्रशांत महासागरातील चिनूक, कोहो, चम, पिंक आणि सॉकाय या पाच जातींचे सॅल्मन अंडी घातल्यावर काही दिवसांतच मरतात, आणि या मृत्यूतच त्यांचे पर्यावरणातील मोठे कार्य दडलेले आहे. अस्वले, गरुड, कावळे आणि पाण्यातील कीटक ही कलेवरे खातात, उरलेला भाग काठावर कुजतो, आणि समुद्रातून आलेले नत्र व स्फुरद जंगलाच्या मातीत मिसळते. समुद्रातील नत्रात त्याच्या जड समस्थानिकाचे, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या थोड्या अधिक वजनाच्या अणूंचे, प्रमाण तुलनेने जास्त असल्यामुळे वैज्ञानिकांना हे पोषण काठावरच्या झाडांच्या पानांपर्यंत शोधता येते. मासे वर येणे थांबले, तर ते केवळ मासेमारांचे नुकसान नसते. डोंगरावरील जंगलाचे दरवर्षी येणारे खतही त्याबरोबर थांबते.

दोन भिंती आणि एक शतक

एल्व्हा ही ऑलिंपिक पर्वतातून निघून सुमारे ७२ किलोमीटर उत्तरेकडे वाहत वान दे फुका सामुद्रधुनीला मिळणारी लहान, वेगवान नदी आहे. तिच्या खोऱ्यातील चार पंचमांशांहून अधिक भाग आज ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे जवळजवळ अस्पर्श जंगलात मोडतो. सॅल्मनच्या पाचही जाती आणि त्यांचा जवळचा नातलग स्टीलहेड ट्राउट या एकाच नदीत येत असत, आणि येथील चिनूक ४५ किलोंपर्यंत वाढत, अशी तिची ख्याती होती.

नदीच्या मुखाशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या क्लालम लोकांचे अन्न, विधी आणि ऋतूंची गणना या माशांशी बांधलेली होती. १८५५ च्या पॉइंट नो पॉइंट करारान्वये त्यांनी आपली बहुतेक भूमी अमेरिकी शासनाला दिली, पण नेहमीच्या ठिकाणी मासेमारी करण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. पुढे हा हक्क कागदावर राहिला आणि नदीवर मात्र भिंत उभी राहिली. टॉमस आल्डवेल या उद्योजकाच्या पुढाकाराने मुखापासून सुमारे ८ किलोमीटरवर १९१० मध्ये एल्व्हा धरणाचे काम सुरू झाले. भिंत खालच्या खडकापर्यंत नीट न रोवल्यामुळे १९१२ मध्ये पाण्याने तिच्या पायाखालून वाट काढली आणि पूर खाली लोटला. तरीही दुरुस्ती करून १९१३ मध्ये ३३ मीटर उंचीचे हे धरण वीज देऊ लागले. १९२७ मध्ये आणखी वर, मुखापासून सुमारे २१ किलोमीटरवरील अरुंद घळीत, ६४ मीटर उंचीचे ग्लाइन्स कॅन्यन धरण पूर्ण झाले. दोन्ही धरणांच्या विजेवर पोर्ट अँजेलिस या गावातील लाकूड व कागद उद्योग वाढले, आणि त्या काळाच्या दृष्टीने ही निर्विवाद प्रगती होती.

माशांना वर जाण्यासाठी वाट ठेवणे राज्याच्या कायद्याने तेव्हाही बंधनकारक होते. अशी वाट म्हणजे बहुधा मत्स्यसोपान. एकावर एक पायऱ्यांसारख्या बांधलेल्या कुंडांतून उड्या मारत मासा धरणाची उंची चढून जातो. एल्व्हावर मत्स्यसोपान बांधण्याऐवजी मत्स्यबीज केंद्र चालवण्याची सवलत धरण बांधणाऱ्यांना देण्यात आली, आणि ते केंद्रही १९२२ मध्ये बंद पडले. परिणामी सॅल्मनसाठी ७० मैलांहून अधिक लांबीचे मुख्य पात्र व उपनद्या बंद झाल्या आणि केवळ शेवटचे ८ किलोमीटर उरले. त्या तुकड्याचीही अवस्था बिघडत गेली, कारण वरून येणारी खडी जलाशयांत अडकू लागली, खालच्या पात्रातील बारीक खडी प्रवाहाने वाहून गेली, धोंड्यांचा फरशीसारखा थर तेवढा उरला आणि जलाशयात तापलेले पाणी उन्हाळ्यात खाली येऊ लागले. वाळूचा पुरवठा तुटल्यामुळे नदीच्या मुखाजवळचा किनाराही समुद्र खाऊ लागला. एके काळी वर्षाला लाखोंच्या संख्येने येणारे मासे काही हजारांवर आले.

निर्णयाला लागलेली वर्षे

अमेरिकेत खासगी जलविद्युत धरणांना संघराज्याच्या ऊर्जा नियामक आयोगाकडून ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागतो, आणि मुदत संपल्यावर धरण आजच्या कायद्यांच्या कसोटीला उतरते का, हे नव्याने तपासले जाते. एल्व्हाच्या बाबतीत हीच तपासणी निर्णायक ठरली. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी, करारात मासेमारीचा हक्क राखून ठेवणाऱ्या जमातींना पकडण्यायोग्य सॅल्मनच्या निम्म्या वाट्यापर्यंत अधिकार आहे, असा निकाल दिला. त्यानंतर या हक्काला कायद्याचे वजन आले. १९८० च्या दशकात लोअर एल्व्हा क्लालम जमात आणि तिच्या बरोबरीने पर्यावरणवादी संस्था परवान्याच्या प्रक्रियेत उतरल्या. अखेर १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने एल्व्हा नदीची परिसंस्था आणि मत्स्यसंपदा पूर्ववत करण्याचा कायदा संमत केला. पाठोपाठच्या अभ्यासातून, दोन्ही धरणे काढल्याशिवाय हे उद्दिष्ट साध्य होणार नाही, असा निष्कर्ष निघाला. २००० मध्ये शासनाने धरणे विकत घेतली, तरी पहिला घाव पडायला आणखी ११ वर्षे लागली. सुमारे ३२.५ कोटी डॉलरच्या एकूण खर्चातील मोठा भाग भिंती तोडण्यावर झालाच नाही. गढूळ पाण्यापासून गावाचा आणि उद्योगांचा पुरवठा सुरक्षित ठेवणारी शुद्धीकरण यंत्रणा, पूरसंरक्षक बांध आणि मत्स्यबीज केंद्र यांवर तो झाला.

गाळाचे शास्त्र

धरण पाडणे हे सुरुंग लावून एका दिवसात उरकण्याचे काम नसते, कारण खरा प्रश्न काँक्रीटचा नसून त्यामागे साचलेल्या गाळाचा असतो. एल्व्हाच्या दोन जलाशयांत मिळून सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ, वाळू आणि खडी साठली होती. ती उपसून नेणे परवडणारे नव्हते, म्हणून ती नदीनेच हळूहळू वाहून न्यावी, असे ठरले. सप्टेंबर २०११ मध्ये काम सुरू झाले. ग्लाइन्स कॅन्यन येथे पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यावरील यंत्राच्या हातोड्याने भिंत वरून थराथराने फोडण्यात आली. प्रत्येक टप्प्यावर पाणी थोडे उतरवून थांबायचे, उघड्या पडलेल्या गाळातून प्रवाहाला इकडून तिकडे फिरू द्यायचे, आणि मासे नदीत चढण्याच्या काळात काम पूर्ण बंद ठेवायचे, अशी शिस्त पाळली गेली. एल्व्हा धरण २०१२ च्या मार्चपर्यंत नाहीसे झाले. ग्लाइन्स कॅन्यनचा शेवटचा भाग ऑगस्ट २०१४ मध्ये निघाला, आणि ते तोवर जगात पाडलेले सर्वांत उंच धरण ठरले.

या काळात सारे काही सुरळीत पार पडले, असे नाही. गाळ व पालापाचोळ्यामुळे नव्या पाणीयंत्रणेचा प्रवेशमार्ग तुंबला आणि दुरुस्तीसाठी धरण उतरवण्याचे काम सुमारे वर्षभर थांबवावे लागले. मोकळ्या झालेल्या नदीने पात्र बदलले, रस्ता तोडला आणि उद्यानातील तंबू-तळ गिळला. ग्लाइन्सच्या घळीत कोसळलेल्या शिळांनी माशांची वाट पुन्हा अडवली, तेव्हा त्या शिळा फोडाव्या लागल्या. पाणी महिनोन्‌महिने चॉकलेटी राहिले, आणि त्यात मासे तगावेत म्हणून मत्स्यबीज केंद्रात पिल्ले राखून ठेवण्यात आली. या प्रयत्नाची ही किंमत होती आणि ती लपवून ठेवण्याचे कारण नाही. नदीला जागा द्यायची म्हणजे तिच्या हालचालीचीही जागा द्यावी लागते.

काय परतले

पहिल्या पाच वर्षांत साठलेल्या गाळापैकी जवळजवळ दोन तृतीयांश भाग नदीने खाली नेला. धोंड्यांच्या थरावर पुन्हा खडी पसरली, मुखाशी सुमारे १०० एकर नवी भूमी तयार झाली, आणि जेथे लाटांनी झिजलेला दगडी किनारा होता तेथे वाळूचे पट्टे आले. उघड्या पडलेल्या जलाशयांच्या सुमारे ८०० एकर तळावर स्थानिक जातींची लाखो रोपे आणि बियाणे लावण्यात आले. त्यांत ल्युपिन ही हवेतील नत्र मातीत बांधणारी, आपल्याकडील डाळींच्या कुळातील वनस्पती विशेष उपयोगी पडली, कारण निकस वाळूत तिने पुढच्या झाडांसाठी माती तयार केली.

मासे वाट पाहत बसले नाहीत. एल्व्हा धरण गेल्यावर त्याच वर्षी चिनूक त्या जागेच्या वर पोहोचले, आणि ग्लाइन्स कॅन्यनचा अखेरचा अडथळा निघाल्यावर काही आठवड्यांतच ते त्याही पलीकडे दिसले. उन्हाळ्यात नदीत येणारा स्टीलहेड येथून जवळजवळ नाहीसा झाला होता, पण धरणांच्या वर अडकून शंभर वर्षे गोड्या पाण्यातच जगलेल्या त्याच्या वंशजांनी समुद्राकडे जाण्याची उपजत क्षमता गमावली नव्हती. वाट मोकळी होताच त्यांच्या पिल्लांतून समुद्रगामी मासे पुन्हा निर्माण झाले. वाहत्या पाण्यात बुडी मारून तळाच्या दगडांवर अळ्या आणि माशांची अंडी टिपणाऱ्या डिपर या करड्या पक्ष्याचा अभ्यास अधिकच बोलका आहे. सॅल्मन पोहोचणाऱ्या भागातील डिपरांच्या रक्तात समुद्री पोषणाची खूण सापडली, त्यांच्या शरीराची स्थिती सुधारलेली होती, आणि एका हंगामात दोनदा पिल्ले वाढवण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त होते.

तरीही हा विजय अपुरा आहे. परतणाऱ्या चिनूकांपैकी बहुसंख्य अजूनही मत्स्यबीज केंद्रात जन्मलेले असतात. केंद्रातील मासे संख्येची तूट भरून काढतात, पण पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढल्याने त्यांची रानातील तग कमी होते आणि नैसर्गिक माशांशी त्यांचा संकर झाल्यास ती दुर्बलता पसरते. म्हणून केंद्रावरचे अवलंबित्व कधी आणि किती कमी करावे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. या अनिश्चिततेची जाण असल्यानेच नदीवर धरणे पाडण्याच्या सुरुवातीपासून मासेमारीबंदी होती, आणि क्लालम लोकांनीही आपला हक्क बाजूला ठेवून ती पाळली. २०२३ च्या शरद ऋतूत त्यांनी प्रथमच, विधी आणि घरगुती अन्न यांपुरती मर्यादित अशी कोहो सॅल्मनची मासेमारी केली. दरम्यान पाणी उतरल्यावर, ज्या ठिकाणी आपल्या लोकांची निर्मिती झाली असे त्यांच्या परंपरेत सांगितले जाते, तो पाण्याखाली गेलेला खडकही त्यांना पुन्हा पाहता आला.

क्लॅमथ : मोठा प्रयोग

एल्व्हाच्या अनुभवाने पुढच्या, त्याहून मोठ्या कामाला धीर दिला. ओरेगॉनमध्ये उगम पावून कॅलिफोर्नियातून समुद्राला मिळणाऱ्या क्लॅमथ नदीवर १९१८ ते १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत चार जलविद्युत धरणे उभी राहिली होती. सप्टेंबर २००२ मध्ये कमी आणि कोमट पाण्यात कल्ल्यांचे रोग पसरून खालच्या क्लॅमथमध्ये किमान ३४ हजार मासे मेले, आणि युरोक, कारुक, हूपा व क्लॅमथ जमातींचा दीर्घ लढा सर्वांच्या नजरेत आला. परवान्याचे नूतनीकरण करायचे तर मत्स्यसोपान बांधावे लागणार होते आणि ते धरणे पाडण्यापेक्षा महाग पडणार होते, म्हणून धरणांच्या मालक वीज कंपनीनेही हा मार्ग स्वीकारला. वीजग्राहकांकडून २० कोटी आणि कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतून २५ कोटी डॉलर उभे राहिले. २०२३ मध्ये पहिले आणि २०२४ च्या शरद ऋतूपर्यंत उरलेली तीन धरणे काढण्यात आली. त्याच ऑक्टोबरमध्ये चिनूक सॅल्मन काढलेल्या चार धरणांपैकी सर्वांत वरच्या धरणाच्या जागेपलीकडील उपनदीत सापडले. ओरेगॉनमधील क्लॅमथ खोऱ्यात ते १९१२ नंतर प्रथमच पोहोचले होते. वरच्या बाजूला दोन धरणे अद्याप आहेत आणि शेतीच्या पाण्याचा वाद मिटलेला नाही, त्यामुळे क्लॅमथचा निकाल सांगायला अजून अनेक वर्षे लागतील.

धरणाचे आयुष्य आणि त्याचा शेवट

या दोन नद्यांवरून सर्वच धरणे पाडावीत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दोन्ही ठिकाणी धरणे मुख्यतः विजेसाठी होती, त्यांचा वीजपुरवठ्यातील वाटा अल्प उरला होता आणि पर्याय उपलब्ध होते. महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. देशातील सर्वाधिक मोठी धरणे या राज्यात असून त्यांच्यावर शहरांचे पिण्याचे पाणी आणि अवर्षणग्रस्त भागांतील शेती अवलंबून आहे. सॅल्मन भारतीय नद्यांत नाही. पण समुद्रातून नदीत अंडी घालायला चढणारा हिल्सा भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, आणि गंगेवर १९७५ मध्ये फराक्का बंधारा झाल्यावर वरच्या गंगेतील त्याची मासेमारी जवळजवळ संपली, हा अनुभव एल्व्हाच्या जातीचाच आहे. जलाशयांत गाळ साचणे आणि खालच्या पात्रात वाळू न पोहोचणे हे तर प्रत्येक धरणाच्या बाबतीत घडते, मग नदी कोणत्याही देशातील असो.

एल्व्हा आणि क्लॅमथ यांचा खरा धडा धरणविरोधाचा नसून पूर्ण हिशेबाचा आहे. प्रत्येक धरणाला आयुष्य असते. त्याचा पाया जुना होतो, जलाशय भरत जातो आणि ज्या गरजेसाठी ते बांधले ती बदलते. असे असताना त्याच्या शेवटाची जबाबदारी कोणाची, त्याचा खर्च कोठून येणार आणि अडवलेल्या गाळाचे काय करायचे, हे प्रश्न बांधणीच्या वेळी विचारले जात नाहीत, म्हणून शंभर वर्षांनी ते कित्येक पटींनी महाग होऊन समोर येतात. ठरावीक मुदतीने प्रत्येक धरणाचा लाभ आणि नुकसान नव्याने तपासणे, त्या तपासणीत नदीकाठच्या मासेमारांना आणि आदिवासींना साक्षीदार म्हणून नव्हे तर हक्कदार म्हणून स्थान देणे, आणि जेथे धरण ठेवायचे तेथे मासे, खडी आणि किमान प्रवाह यांची सोय करणे, एवढे तरी कोणत्याही देशाला शक्य आहे. एल्व्हाने हेही दाखवून दिले की ही सोय करायला उशीर झाला, तरी वेळ पूर्णपणे गेलेली नसते. शतकभराच्या अडवणुकीनंतरही नदी आणि तिचे मासे माणसाने मोकळी केलेली वाट काही आठवड्यांत ओळखतात, आणि त्यांना पुरेसा काळ देण्याचे धैर्य दाखवणे एवढेच माणसाच्या हाती राहते.